मेलेल्या मशीनचं वजन

१

नव्याण्णव सालची गोष्ट. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला आदिलाबादेकडच्या बेल्यात लाइट गेली, आणि तिच्यासोबत करडी मशीनही गेली.

लाइट जाण्यात नवल नव्हतं, ती दिवसातून चारदा जायची. पण हीच मशीन परवा बेस्तरवारी लाइटीशिवाय सव्वा तास चालली होती. जयवंताबाईनं समोर पाट टाकून, जागची न हलता पाहिलं होतं. आज सुनेचं, सुभद्राचं, एक नाव टाइप करून व्हायच्या आत पडदा काळा पडला. सुभद्रानं बटन दाबलं, परत दाबलं. काही नाही.

"मेली वाटते," सुभद्रा हळूच म्हणाली.

"तोंड पाह्यजो आधी," जयवंताबाई म्हणाली, "सकाळच्या पारी कोनी मेली म्हनते काय?"

पण बटन तिनं स्वतःही एकदा दाबून पाहिलं. मंडल ऑफिसच्या, म्हणजे तहसिलीच्या, व्हरांड्यात एक टेबल रिकामं झालं होतं. गावोगावच्या रेशनकार्डाच्या याद्या कॉम्प्युटरात भरायच्या आणि फ्लॉपीत घालून द्यायच्या, असं काम. अट एकच होती. मशीन आपण आणायची, आणि लाइट नसताना तासभर चालली पाहिजे. सोमवारी अकरा वाजता साहेबापुढं चालवून दाखवायची, ज्याची चालेल त्याला टेबल. सुभद्रा बारावी झालेली, इंग्रजी-तेलगू दोन्ही टाइप येणारी. अर्ज जयवंताबाईनंच तिला टाकायला लावला होता. स्वतः ती दुसरीतून उठलेली, तिला आकडे वाचता येत, अक्षरं नाही. सुनेनं खुर्चीवर बसावं, अन् तलाठ्यापासून पाटलापर्यंत सगळ्यांनी तिच्यापुढं कागद धरून उभं राहावं, हे चित्र ती महिनाभर डोळ्यांपुढं घोळवत होती.

आठ दिवस पाहा अन् एक ठेवा, असं सांगून दोन लॅपटॉप घरी आले होते. करडी मशीन सुधाकररावांची. आदिलाबादेत सिमेंटच्या कारखान्यात इंजिनियर होते, आता रिटायर झालेले. सात वर्षं त्यांनी स्वतः वापरलेली मशीन, विटेएवढी जाड, पडदा काळा-पांढरा, चालायला सुस्त. दुसरी काळी मशीन व्यंकटरावाच्या दुकानातली. दोनच वर्षांची, रंगीत पडद्याची, चकचकीत. कोण्या शहरातल्या ऑफिसानं फेकलेली, ह्यानं उघडून, पुसून, दोन-चार भाग बदलून रिकंडिशन केलेली.

मुलगा उद्धव काळीवर लट्टू होता. "आई, जुन्या खटाऱ्यावर काहाले पैसे घालतं? शुक्रवारी जेवायले आलो तवा म्या काळी चालवून पाह्यली. बिनालाइटीची दीड तास चालली."

जयवंताबाईचं मन करडीकडं होतं. जनावर बाजारातून आणलं तर शिंगं रंगवलेली दिसतात, मालक दिसत नाही; अन् सुधाकरराव हा दिसणारा मालक होता. पण आता दिसणाऱ्या मालकाचंच जनावर दावणीला मरून पडलं होतं.

व्यंकटराव निर्णय ऐकायला सकाळीच आदिलाबादेहून येऊन बसला होता. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि हात पसरले.

"अम्मा, मैं क्या बोला था? पुराना सो पुराना."

२

निर्णय ऐकायला दुपारच्या बसनं सुधाकररावही आले. पांढरा सदरा, काखेत छत्री, पायऱ्या चढताना धाप लागलेली. त्यांना टेकूही दिलं नाही बाईनं. ओसरीवर व्यंकटराव होता, शेजारच्या दोन बाया होत्या, लोकांच्या देखत सुरू झाली.

"या, सायब! कारखान्यात म्हने मोठे हुशार होते तुमी. अन् आमच्या दारात मरायले टेकलेलं ढोर आनून बांधलं! बाईमानूस हाये, दुसरीतून उठेल हाये, काय समजते तिले, असंच ना?"

"बाई," सुधाकरराव म्हणाले, "बॅटरी सहा महिन्यांपूर्वी नवी घातली आहे."

"मंग काय आमच्या घरचं पानी बाधलं तिले?"

त्यांनी पुढं वाद घातला नाही. चेहरा मात्र पार उतरला. "द्या मशीन. पाचच्या बसनं घेऊन जातो."

जयवंताबाईच्या घरात वजन केल्याशिवाय वस्तू आत येत नसे अन् बाहेर जात नसे. कापसाच्या घरची रीतच ती. उसनी दिलेली डाळ असो की माहेरून आलेलं तूप, माळवदाच्या कडीला दहा किलोचा लटकता काटा कायमचा टांगलेला. बेस्तरवारी दोन्ही मशिनीही त्याला लागल्या होत्या. गोणपाटाच्या झोळीत घालून उद्धवनं करडी काट्याला लावली, काटा वाचून मोठ्यानं आकडा सांगितला, तेवढ्यात रस्त्यावरून कोणी मोटारसायकलचा हॉर्न दिला म्हणून तो तसाच बाहेर गेला. मग सुभद्रानं दारामागं खडूनं लिहून ठेवलं. साडेतीन किलो.

"थांबा," बाई म्हणाली. "उद्या कोनी म्हनू नये का बाईनं आतलं काहाडून ठेवलं. तोलू द्या."

गोणपाटाची झोळी तीच. सुभद्रानं मशीन काट्याला लावली. काटा तीन किलो नऊशेवर जाऊन थांबला. झोळीचे दोनशे काढले तर राहिले तीन किलो सातशे.

जयवंताबाईनं दारामागं पाहिलं. साडेतीन. परत काट्याकडं पाहिलं.

"झोळी झटक. परत लाव."

परत तेच. मशीन मेली होती, आणि मेल्यावर दोनशे ग्रॅमनं जड झाली होती.

३

"चोर आला तं काहाडून नेते," जयवंताबाई म्हणाली. "घालून कोन जाते व?"

सुधाकररावांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. मशीन उलटी केली, बॅटरीची पेटी बाजूनं ओढून काढली. तिच्या प्लास्टिकला कडेनं चाकूची खरड होती. सांधा उचकटला, तसा आतून पांढरा कापूस फुलून वर आला. कापसाच्या आत लोखंड. मोटरपंपाचे असतात तसे नटबोल्ट, एकमेकांवर आपटून वाजू नयेत म्हणून कापसात गुंडाळलेले. बॅटरीतले सेल नव्हते. एकही नव्हता.

शेजारच्या बायांनी तोंडावर पदर धरला.

सुधाकररावांनी पेटी बाईपुढं सरकवली. नुसते बाईकडं पाहत राहिले. त्या पाहण्यानं तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. पण माफी मागायची तर कोणाच्या वतीनं मागायची, तेच अजून कळलं नव्हतं.

"पाचच्या बसले टाइम हाये," ती म्हणाली. "बसा. सुभद्रा, सायबाले भाकर वाढ."

शुक्रवारी सगळं घर वेचणीला होतं. किल्ली वळचणीत. गावातल्या कोणालाही ती ठाऊक, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही. पण करडी मेली तर फायदा कोणाचा? पहिला तर समोरच बसला होता.

"व्यंकटराव, तुमची मशीन लावा. वायर काहाडा."

"अम्मा, अब्बी उसकी क्या..."

"काहाडा म्हनलं ना."

काळी रंगीत पडद्यानं झगमगली. सुधाकररावांच्या मनगटावरच्या घड्याळात सगळे पाहत बसले. पंधरा मिनिटांनी तिनं दोनदा टिंग केलं आणि विझली.

"हे तुमची नवी!"

व्यंकटरावाच्या कपाळावर घाम आला, पण तो डगमगला नाही. "बाडी, पडदा, हार्डडिस्क, इनकी गॅरंटी बोला मैं. बॅटरी का नाम लिया क्या? पूछो आपके बेटे कू. परसों उसकू दस बार बोला, बॅटरी पुराना है बोल के."

उद्धव दीड तास म्हणाला होता. भोळं पोरगं, जयवंताबाईला वाटलं, चकचकीत पाहून घड्याळ पाहायचं विसरलं. राग आला तो व्यंकटरावाचाच.

"करडीची बॅटरी तुमीनंच खाल्ली. कबूल व्हा."

"मैं?" तो हसलाच. "अम्मा, मेरेकू मारना होता तो एक वायर तोडता, दो मिनट का काम. लोहा काय कू भरूंगा? वजन बराबर करने? मेरेकू क्या मालूम आप लॅपटॉप कू कापूस के जैसा तोलते! आज पहिली बार देखा. दुकान में बोलूंगा तो लोगां हसेंगे."

बाईनं काट्याकडं पाहिलं. बोलला ते खरं होतं. ज्यानं लोखंड भरलं, त्याला ठाऊक होतं की ही बाई परत तोलेल. सेल काढले तर काटा चुगली करेल, म्हणून त्यानं काट्याचंच तोंड बंद करायचं पाहिलं. असं जयवंताबाईला ओळखणारं माणूस दुकानातून येत नाही.

ते गोतातलंच असतं.

४

गोतातला, आणि फायदा असलेला, असा एकच तिच्या नजरेपुढं आला. धाकटा भाऊ लक्ष्मणराव. त्याच्या मुलानंही त्याच टेबलासाठी अर्ज टाकला होता. ह्या लक्ष्मणाला तिनं कडेवर वाढवलं होतं. गावातच दोन गल्ल्या पलीकडं घर. ती चपला न घालताच निघाली.

लक्ष्मणराव दारात बाजेवर दाढी करत बसला होता.

"शुक्रवारी माह्या घरी आल्ता तू?"

"आल्तो. तं?"

"काहाले?"

"मशीन पाहाले. पोराले तशीच घ्याची म्हनत होतो. किल्ली वळचनीतून घेतली, पाह्यलं, परत ठेवली. काऊन व अक्का, काय झालं?"

तिनं सांगितलं. सांगता सांगता त्याच्या हातातल्या वस्तऱ्याकडं पाहत राहिली. लक्ष्मणराव अर्धी दाढी साबणात तशीच ठेवून उठला.

"म्हंजे माह्यावर शक घेऊन राह्यली तू? माह्यावर?"

"तुह्या पोराचा अर्ज हाये."

"हाये! अन् त्याले टेबल नाई भेटलं तं तो वखर हाकन, मरनार नाई! तुह्या घरचं मीठ खाऊन तुह्या सुनेच्या पोटावर पाय देईन काय म्या?" त्याचा आवाज फाटला. "म्या तं त्या दिवशी तुह्यावर हासलो. दारामांगं खडूनं लिवलं होतं, साडेतीन किलो. म्हनलं, अक्का आता म्हातारी झाली. कापूस सोडून कॉम्पुटर तोलाले लागली!"

जयवंताबाई परत फिरणार होती. पाऊल उचललेलं तसंच राहिलं.

"काय वाचलं म्हनतं?"

"साडेतीन. खोटं हाये काय?"

खोटं नव्हतं. पण मग ह्यानं भरलं असतं तर साडेतीनच भरलं असतं. दारावरचा आकडा वाचणारा माणूस साडेतीनच भरेल. ज्यानं लोखंड भरलं, त्याच्या डोक्यात सातशे होते. तीन किलो सातशे.

आणि तो आकडा कुठं लिहिलेला नव्हता. तो फक्त एकदा, मोठ्यानं बोलला गेला होता.

लक्ष्मणरावाला काय दिसलं कोण जाणे, त्यानं साबणाच्या हातानं तिचा दंड धरला. "अक्का, बस. चक्कर येते काय?"

"नाई," ती म्हणाली. "सोड. घरी जाऊ दे मले."

५

उद्धव कापसाच्या खोलीत होता. छतापर्यंत गंजी लागलेली, तो खाली बसून पोती शिवत होता. आई आल्याचं पाहून हसला. तेच हसू, लहानपणापासूनचं, ज्याच्यापायी तिनं त्याच्या किती खोड्या बापापासून लपवल्या होत्या.

"गेले काय व ते सुधाकरराव?" त्यानं विचारलं.

"जातील." ती उंबऱ्यावर बसली. पदरानं घाम पुसला. आवाज साधा ठेवायला तिला फार जोर लागला. "उद्धव, बेस्तरवारी करडीचं वजन किती भरलं होतं रे?"

"तीन किलो सातशे," सुई न थांबवता तो म्हणाला. "म्याच तं वाचला काटा."

"दारामांगं साडेतीन लिवलं हाये."

सुई थांबली.

"गोनपाटाची झोळी दोनशे भरते," जयवंताबाई म्हणाली. "तू आकडा सांगून भाईर गेला हॉर्नवर. मंग म्या झोळीचा कडता काटला अन् सुभद्रानं लिवलं. आयुष्यभर कापूस तोलला तुनं. कधी कडता काटला काय? काटा वाचून मोकळा होतं, मांगचा हिशोब आईनं करावा. शुक्रवारी मशीन कायच्यात टांगली होती?"

खांद्यावरची दस्ती, वजनच न भरणारा पातळ पंचा, त्यानं उगाच ओढून हातात घेतली, तेव्हाच तिला उत्तर मिळालं.

"कुठी हायेत सेल?"

त्यानं गंजीत खांद्यापर्यंत हात घातला आणि कागदात बांधलेली पुरचुंडी काढून तिच्यापुढं ठेवली. खाली पाहूनच बोलू लागला.

"तुले काय, तू घरात राह्यतं. हाटेलात म्या बसतो. उद्धवराव, आता बायको सायबीन होईन, तुमी डबा नेऊन देजा. उद्धवराव, सही कराची असन तं वहिनीले इचारून करजा. रोज. दहावी नापास म्हनून मले त्या टेबलाले हातही लावता येत नाई, अन् तिनं तठी खुर्चीवर बसावं, चार मानसाईत..."

"मले सांगाचं होतं."

"सांगून ऐकलं असतं तुनं?"

"नसतं ऐकलं. भांडली असती. पन तोंडावर भांडनारा पोरगा माह्या पोटचा असता." ती म्हणाली. "तू माह्या तोंडावर हो म्हनलं. दीड तास चालते म्हनलं. तिनं सोमवारी साहेबापुढं पंधरा मिनटात तोंडघशी पडावं म्हनून. चार मानसाईत! अन् म्या आज त्या देवमानसाले नाई नाई ते बोलली. लक्ष्मनाले चोर म्हनून आली. तुह्यावर? तुह्यावर तं मनच गेलं नाई माहं."

दारात सावली पडली. सुभद्रा उभी होती. किती वेळची, कोण जाणे.

जयवंताबाई उठली. "पोरी, हे पाह्य, तुह्या नवऱ्यानं..."

"मले मालूम हाये, आत्याबाई."

"कवापासून?"

"सकाळपासून. काल सांजी धुन्यात ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात दोन नट भेटले, त्याईले कापूस लागून होता. सकाळी मशीन बंद पडली तवा समजलं."

"अन् गप राह्यली? म्या सुधाकररावाले फाडून खात होती अन् तू भाकरी थापत होती?"

सुभद्रानं मान वर केली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, सासूच्या डोळ्याला डोळा तिनं पहिल्यांदा दिला.

"तुमी माह्या बाजूनं बोलल्या असत्या काय? नवऱ्यावर आळ घेतं म्हनून मलेच भाईर काहाडलं असतं. तेवढा भरोसा नव्हता मले. म्या काळीवर भागवाचं ठरवलं होतं. मधी मधी पडदा बंद करून पंधराचे वीस मिनिट तरी झाले असते, टेबल नाई तं नाई."

जयवंताबाईनं पुरचुंडी उचलली. सुनेनं अंदाज केला होता तो बरोबर होता.

६

ओसरीवर येऊन तिनं पुरचुंडी सुधाकररावांपुढं ठेवली. व्यंकटराव होता, शेजारच्या बाया होत्या, आणि ह्या वेळी लक्ष्मणरावही अर्ध्या दाढीनिशी मागोमाग आला होता. सगळ्यांच्या देखत बोलली होती, म्हणून सगळ्यांच्या देखतच वाकली.

"सायब, माह्या घरचं पाप हाये. माह्याच पोराचं. म्या तुमाले बोलली ते सगळं वापस घेतो. मशीन तुमचीच घेऊ, चालली नाई तरी घेऊ."

सुधाकररावांनी पाय मागं घेतले. "अहो, काय करता हे, बाई! उठा." मग सेल एकेक करून बोटांत फिरवून पाहिले. "पट्ट्या तोडल्या आहेत. नव्यानं डाग द्यावा लागेल. इथं रेडिओवाला आहे कोणी?"

"हाये," लक्ष्मणराव म्हणाला. "चला, म्या नेतो."

पाचची बस गेली. व्यंकटरावानं काळी मशीन बॅगेत घातली आणि जाताना सुभद्राला म्हणाला, "अम्मा, पुरानी लेव. मैं बोलतूं." त्याला वजनाचं हसू आता येत नव्हतं.

सोमवारी अकराला मंडल ऑफिसच्या व्हरांड्यात दोघं बसले, सुभद्रा आणि लक्ष्मणरावाचा मुलगा. तो कोणाची तरी मशीन मागून घेऊन आला होता. साहेबानं स्वतः दोन्ही वायरी काढल्या. जयवंताबाई कंपाउंडच्या भिंतीशी उकिडवी बसली होती. तिथून पडदा दिसत नव्हता, फक्त सुनेची पाठ दिसत होती आणि चालणारी कोपरं. तेवढ्यावर ती नजर रोवून बसली. कोपरं थांबली की मशीन मेली.

अर्ध्या तासानं दुसऱ्या टेबलावरचा आवाज बंद झाला. लक्ष्मणरावाच्या मुलानं मशीन मिटली आणि मामेबहिणीच्या लग्नात हसावं तसं खळखळून हसत उठला. सुभद्राची कोपरं चालतच होती. एक तास झाला. साहेबानं घड्याळ पाहिलं, अजून दहा मिनिटं थांबला, मग शिपायाला म्हणाला, "टेबल त्यांना द्या."

सुभद्रानं मागं वळून भिंतीकडं पाहिलं. हसली नाही, नुसती मान हलवली. जयवंताबाईला तेवढंही पुष्कळ होतं.

फाटकाशी उद्धव उभा होता. दोन दिवस त्याला घरात कोणी बोललं नव्हतं, आणि जेवण ताटात येत होतं. तो दोन पावलं पुढं आला.

"आई, ऊन झालं. गाडी आनली हाये. चाल घरी."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. पोटचं पोर, त्याच्या कपाळावरचा व्रणही तिला पाठ होता, पाच वर्षांचा असताना पडला तेव्हाचा. तोच चेहरा, फक्त आता त्याच्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं.

"तू होय पुढं," ती म्हणाली. "मी सुनेसंग येतो."

"तिले पाच वाजतील."

"वाजू दे," जयवंताबाई म्हणाली, आणि भिंतीच्या सावलीत सरकून बसली.